मधलं नाव

वाळवणाच्या दिवसांत तुमच्या पत्रांनाही उन्हाचा आणि हिंगाचा वास असतो. पापड लाटताना का चिरतात, कुरडया लालसर का होतात, तूरडाळीला कीड लागू नये म्हणून काय करावं, असेच प्रश्न ढिगानं येतात. त्यांची उत्तरं पुढच्या खेपेला. आज त्या ढिगातलं एक वेगळंच पत्र घेते. तालुक्याच्या गावी राहणाऱ्या एका भगिनीचं आहे. नाव छापू नका म्हणतात, म्हणून छापत नाही.

त्या लिहितात : "माझी मुलगी रसायनशास्त्रात पीएच.डी. झाली. सहा वर्षं परदेशात आहे. आता तिला स्टाफ सायंटिस्ट म्हणून जागा मिळाली. मला आनंद झाला, पण तिचे बाबा म्हणतात, एवढं शिकून शेवटी दुसऱ्याच्या हाताखालीच ना? प्रोफेसर कधी होणार? ती म्हणते, मला व्हायचंच नाही. स्ट्रक्चरल बायॉलॉजी की कायसं करते ती. जावा-नणंदा विचारतात तेव्हा काय सांगावं ते मला सुचत नाही. पोरीनं स्वतःचं नुकसान तर करून घेतलं नाही ना?"

ताई, हे पत्र चार वर्षांपूर्वी आलं असतं, तर मी काय उत्तर दिलं असतं ते आठवून आज माझी मलाच लाज वाटते. मीही लिहिलं असतं, तिला धीर द्या, प्रयत्न सोडू नको म्हणावं, होईल प्रोफेसर. पण मधल्या काळात मी माझ्या भाचीकडे इंग्लंडला दोन महिने राहून आले. ती नेमकं हेच काम करते. तिथे जे पाहिलं तेच तुम्हाला सांगते.

आधी काम काय ते बघू. आपल्या मुली घरी सांगत नाहीत, कारण आपणही "जेवलीस का?" याच्या पुढे विचारत नाही.

प्रोटीन म्हटलं की आपल्याला डाळ आठवते, फार तर अंडं. पण आपल्या शरीरात हजारो तऱ्हेची प्रथिनं असतात आणि प्रत्येकाचं काम वेगळं. ते काम ठरतं आकारावर. सोऱ्या एकच असतो, चकती बदलली की कधी शेव पडते, कधी चकली. प्रथिनांचंही तसंच. साखळीसारखा लांबलचक रेणू स्वतःभोवती गुंडाळला जातो, त्याला घड्या पडतात, आणि त्या घड्यांतल्या खाचाखोचांत त्याचं काम चालतं.

आपल्या ओळखीचं उदाहरण घ्या. बाळंतपणाआधी डॉक्टर रक्त तपासतात आणि हिमोग्लोबिन कमी आहे म्हणून रागावतात. ते हिमोग्लोबिन म्हणजे प्रथिनच, चार साखळ्यांचं बनलेलं. फुप्फुसातून प्राणवायू उचलायचा आणि अंगभर पोचवायचा, ही त्याची हमाली. त्यातल्या एका जातीच्या साखळीत १४६ दुवे असतात. त्यांतला एकच दुवा बदलला, तर प्राणवायू खाली उतरवल्यावर ते रेणू एकमेकांना चिकटतात, आणि गोल तांबडी पेशी विळ्यासारखी वाकडी होते. विदर्भातल्या आणि नंदुरबारकडच्या मैत्रिणींना सिकलसेल म्हणजे काय हे मी सांगायला नको. तो एका दुव्याचा फरक १९५६ साली केंब्रिजमध्ये व्हर्नन इन्ग्रम यांनी शोधून काढला. प्रथिनांचे असे आकार अणूअणूपर्यंत उलगडून दाखवले, की रोग का होतो आणि औषध कुठे बसवायचं ते कळायला लागतं. हे ह्या शास्त्राचं काम.

हे आकार साध्या सूक्ष्मदर्शकातून दिसत नाहीत. जुनी पद्धत अशी, की प्रथिनाचे स्फटिक करायचे. दोऱ्यावर खडीसाखर धरते ना, तसे. फक्त इथे पातेलंभर पाक नसतो, टाचणीच्या डोक्याएवढा थेंब असतो. भाचीच्या प्रयोगशाळेत एकेका ताटात असे ९६ खण, आणि प्रत्येक खणात क्षाराचं, आम्लाचं प्रमाण निराळं. पन्नास ताटं मांडावीत आणि एकातही खडा धरू नये, असंही होतं. धरलाच, तर तो बारीकशा फाशात अलगद उचलायचा, उणे १९६ अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये गोठवायचा आणि त्यावर क्ष-किरण सोडायचे. किरण विखुरतात, त्यांचे हजारो ठिपके उमटतात, आणि त्या ठिपक्यांवरून गणितानं आकार मांडायचा. नव्या पद्धतीत स्फटिक लागत नाही. प्रथिन बर्फाच्या पातळ पापुद्र्यात गोठवायचं आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकानं त्याच्या लाखो रेणूंची छायाचित्रं घ्यायची. ही पद्धत घडवणाऱ्या तिघांना २०१७ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. भाची दोन्ही प्रकारचं काम करते.

आता ह्या घरात माणसं कोण कोण, ते पाहा. प्रमुख असतो प्रोफेसर. पैसा उभा करायचा, अर्ज लिहायचे, शिकवायचं, परिषदांना जायचं, यात त्याचा दिवस संपतो. त्याचे हात काचेच्या भांड्याला कित्येक महिने लागत नाहीत. पीएच.डी. करणारी मुलं येतात, तीन-चार वर्षांत पदवी घेऊन जातात. पीएच.डी. झालेले, ज्यांना पोस्टडॉक म्हणतात, तेही दोन-तीन वर्षांत दुसरीकडे जातात. मग तिथे टिकून राहतं कोण? जी राहते ती स्टाफ सायंटिस्ट. ती स्वतः पीएच.डी. असते, स्वतः संशोधन करते. फक्त तिनं आपला वेगळा गट थाटलेला नसतो.

भाची सकाळी आठला कामावर पोचते. आधी शीतघरात डोकावते. चार अंशांची खोली, त्यात प्रथिनं शुद्ध करायची यंत्रं लावलेली. आत जाताना पांघरायला तिनं माझीच जुनी लोकरीची शाल खुंटीला टांगून ठेवली आहे. जिवाणूंत माणसाचं जनुक घालून त्यांच्याकडून प्रथिन करवून घेतात, ते रात्रभर हलत्या चंबूंत वाढत असतं. ते नीट वाढलं का, ते ती बघते. कुठला पंप कण्हतो, कुठल्या फ्रीझरचं दार नीट लागत नाही, गेल्या वर्षी जे प्रथिन दोन दिवसांत नासलं ते कशामुळे, हे सारं तिच्या डोक्यात आणि तिच्या वह्यांत. नवा मुलगा आला की पहिले काही महिने त्याला हात धरून शिकवायचं. तो तयार झाला, चांगलं काम करायला लागला, की त्याची जायची वेळ येते. मग दुसरा येतो, आणि पुन्हा पहिल्यापासून.

तिच्या उणे ८० अंशांच्या फ्रीझरचा एक कायदा मला फार आवडला. प्रत्येक डबीवर तीन गोष्टी लिहायच्या : आत काय आहे, कुणी ठेवलं, कोणत्या तारखेला. चिठ्ठी नसलेली डबी महिन्याच्या पहिल्या सोमवारी सरळ बाहेर. मग ती साहेबांची असली तरी! "लक्षात राहील असं वाटतं गं मावशी, पण राहत नाही," ती म्हणाली. परत आल्यावर मी घरच्या फ्रीझरला हाच कायदा लावला. वाटलेलं खोबरं, कैरीचा गर, मोदकांचं उरलेलं सारण, सगळ्यांवर चिठ्ठी. पहिल्याच महिन्यात चार अनोळखी पुड्या निघाल्या.

एका रात्री दोनच्या सुमाराला मी पाणी प्यायला उठले, तर ही जेवणाच्या टेबलाशी संगणक उघडून बसलेली. ऑक्सफर्डशर परगण्यात डायमंड नावाचं एक प्रचंड वर्तुळाकार यंत्र आहे, परीघ अर्ध्या किलोमीटरहून जास्त. २००७ सालापासून तिथे प्रखर क्ष-किरण मिळतात. स्फटिक नायट्रोजनच्या पिंपात घालून आधीच तिकडे रवाना केलेले असतात. तिथला यांत्रिक हात एकेक स्फटिक उचलून किरणांपुढे धरतो आणि ही घरून त्याला हुकूम सोडते. वाट्याला आलेली वेळ रात्रीची असली, तर रात्रीची. मी कॉफी केली. तिनं पडद्यावर ठिपके दाखवले. अगदी अंगणातल्या रांगोळीसारखे, ओळीनं, पण मधेच काही ठळक, काही फिके. "तू जोडतेस ते ठिपके तुला आधीच माहीत असतात," ती म्हणाली, "मला आधी चित्र काय आहे तेच माहीत नसतं."

त्या रात्रीचा स्फटिक एका विद्यार्थ्याचा होता. प्रथिनाच्या खाचेत नवं औषध बसतं, हे त्याला दाखवायचं होतं. दोन दिवसांनी गणित होऊन चित्र आलं. पडद्यावर निळ्या जाळीचे ढग दिसतात, आणि त्या ढगांत अणू बसवायचे असतात. खाचेत एक लांबट ढग होता. मुलानं तिथे औषधाचा रेणू बसवला, सुंदर बसला. तो आनंदानं नाचायचाच बाकी होता. तीन आठवड्यांत त्याचा पुढच्या फेलोशिपचा अर्ज जायचा होता आणि त्याआधी निबंध पाठवायचा होता. साहेबही खूश.

भाचीनं एकच विचारलं : "औषध न घालता केलेल्या स्फटिकात त्या जागी काय दिसतं?"

ते त्यानं पाहिलंच नव्हतं. पाहायचं म्हणजे नवे स्फटिक धरायचे, पुन्हा वेळ मागायची, म्हणजे अर्जाची तारीख गेलीच. साहेबांचा विमानतळावरून फोन आला, हे खरंच जरुरीचं आहे का? ही म्हणाली, आहे. मुलगा दोन दिवस हिच्याशी बोलला नाही. घरी येऊन ही जेवली नाही. मला म्हणाली, "मावशी, माझं चुकलं तर मी एका पोराचं वर्ष घालवलं."

सव्वा महिन्यानं दुसरं चित्र आलं. औषध नव्हतं तरीही तोच ढग, त्याच जागी. स्फटिक धरावेत म्हणून थेंबात जे दाट द्रव्य घालतात, त्याचाच एक तुकडा खाचेत जाऊन बसला होता. औषध तिथे कधी पोचलंच नव्हतं. मुलगा खुर्चीत बसून राहिला. त्या वर्षीची फेलोशिप त्याची गेली, हे खरं. निबंध जवळजवळ वर्षभर उशिरा आणि पुष्कळ वेगळा होऊन छापला गेला. पण जे नव्हतं ते "आहे" म्हणून जगापुढे गेलं नाही. त्यावर भरवसा ठेवून कुणी पुढची औषधं रचत बसलं नाही.

तुम्ही म्हणाल, एवढ्याशा ढगाचं एवढं काय? तर २००६ सालची गोष्ट ऐका. अमेरिकेतल्या एका नामांकित गटानं आपले पाच निबंध मागे घेतले. आकडेमोडीच्या घरगुती प्रोग्रॅममध्ये दोन रकाने उलटसुलट झाले होते, तेवढ्यानं सगळा आकारच उलटा निघाला. कित्येक जणांची वर्षं त्या चुकीच्या आकाराच्या मागे गेली. चूक कुणाच्याही हातून होते. घरात कुणीतरी "थांबा, एकदा पुन्हा मोजा" म्हणणारं लागतं. आणि ते म्हणायला तिथे बरीच वर्षं काढलेलं माणूस लागतं. उद्या परवा निघून जाणारं माणूस गप्प बसतं.

भाचीनं मला तो निबंध पाठवला. वर आठ नावं होती. तिथली रीत अशी, की ज्यानं मुख्य काम केलं त्याचं नाव पहिलं आणि साहेबांचं शेवटचं. बाकीचे मधे. भाचीचं नाव पाचवं. आपल्याकडे मधलं नाव म्हणजे लग्नाआधी वडिलांचं आणि लग्नानंतर नवऱ्याचं, ते कुणाला विचारावं लागत नाही. तिच्या जगात मधलं नाव म्हणजे जे लोक वाचतच नाहीत ते.

ही मधली नावं आजची नव्हेत. एका रविवारी आम्ही केंब्रिजला गेलो होतो. नदीकाठी बसून तिनं मला हिमोग्लोबिनची गोष्ट सांगितली. मॅक्स पेरुट्झ यांनी ते काम १९३७ साली हाती घेतलं आणि त्याचा आकार फेब्रुवारी १९६० मध्ये छापून आला. मधे दोन तपं गेली. १९६२ साली त्यांना जॉन केन्ड्रू यांच्याबरोबर नोबेल मिळालं. त्या १९६० च्या निबंधावर सहा नावं आहेत. तिसरं अॅन कलिस, चौथं हिलरी म्यूरहेड. दोघी बायका. कलिस पेरुट्झ यांच्या साहाय्यक होत्या आणि म्यूरहेड विद्यार्थिनी. त्या काळी फिल्मवरचे हजारो ठिपके एकेक करून मोजावे लागत, आणि असल्या मोजमापाला प्रयोगशाळेत तरुण मुली ठेवत. त्यांतल्या कितीकांचं नाव मधेसुद्धा आलं नाही. आणि हो, १९६२ साली तिथे नवी इमारत झाली तिच्या कँटीनचा कारभार पेरुट्झ यांच्या पत्नी गिझेला यांनी पुढे वीसेक वर्षं पाहिला. साहेब, विद्यार्थी, यंत्र दुरुस्त करणारा, सगळे एका टेबलाशी बसून चहा पीत. त्या चहाच्या वेळी पुष्कळ अडलेली कामं सुटली, असं तिथली माणसंच सांगतात.

हे ऐकून माझा ऊर भरून आला. मी मनाशी ठरवून टाकलं, की आपली भाची म्हणजे ह्या घरची मोठी सून. सगळ्यांचं करते आणि मागे उभी राहते. ते मी तिला बोलूनही दाखवलं, आणि नेमकं नको त्या वेळी दाखवलं.

मी परत निघायच्या दहा दिवस आधी तिला संस्थेचं पत्र आलं. तिचा पगार ज्या अनुदानातून येत होता ते संपत होतं आणि नवा अर्ज नामंजूर झाला होता. नऊ वर्षं तिथे काम केलेलं, आणि तीन महिन्यांची नोटीस. साहेबांची नोकरी कायमची, त्यांना धक्का नाही. मुलं तर जाणारीच होती. कुऱ्हाड आली ती हिच्यावर.

रात्री ती भांडी विसळत होती. मी समजूत घालायला म्हटलं, "अगं, मोठ्या सुनेसारखी राबलीस तू त्या घरात. कुणी विसरणार नाही तुला."

तिनं नळ बंद केला. "मावशी, मला मोठी सून म्हणू नकोस गं. मोठ्या सुनेला पगार नसतो. तिचं कौतुक करतात आणि त्या कौतुकावरच भागवतात. मला कौतुक नको. करार हवा."

मैत्रिणींनो, त्या रात्री मला झोप लागली नाही. बावीस वर्षं मी ह्या पानातून मोठ्या सुनांचं कौतुकच करत आले आहे.

दुसऱ्या दिवसापासून तिनं काय केलं, ते ऐकण्यासारखं आहे. रडली नाही असं नाही, पण रडून झाल्यावर वही काढली. नऊ वर्षांत किती विद्यार्थी तिच्या हाताखाली तयार झाले, कोणती यंत्रं तिनं बसवली, कोणती बंद पडताना वाचवली, किती प्रथिनांचे आकार तिच्या हातून जगाच्या सामाईक कोठारात जमा झाले, शेजारचे कोणते गट अडीअडचणीला तिच्याकडे येतात, हे सगळं तारखांसकट दोन पानांत उतरवलं. ज्या मधल्या नावाला ती इतके दिवस हसत होती, तेच आता कामाला आलं. प्रत्येक निबंधावर ते छापलेलं होतं, कुणाला नाही म्हणता येईना. ती दोन पानं घेऊन ती विभागप्रमुखांकडे गेली. शेजारच्या तीन गटांच्या प्रमुखांनी लिहून दिलं, की ही बाई गेली तर आमचीही कामं अडतील. चार महिने चर्चा चालली. शेवटी सगळ्यांनी मिळून वापरायच्या यंत्रांची जबाबदारी तिच्याकडे दिली आणि पगार विभागाच्या खात्यातून ठरला. नेमणूक पाच वर्षांची झाली आहे. कायमची झालेली नाही. ती मागणी तिनं सोडलेली नाही.

आता ताई, तुमच्या प्रश्नाकडे येते.

मुलीनं नुकसान करून घेतलं का? ही जागा तिनं डोळे उघडे ठेवून घेतली असेल, तर मुळीच नाही. गट थाटणं, पैसे उभे करणं हे एक काम आहे, आणि हातानं, डोळ्यांनी शास्त्र करणं हे दुसरं. पहिलं ज्याला नको त्यानं ते केवळ लोकांसाठी का करावं? पण डोळे उघडे आहेत का, हे आईनं विचारायला हरकत नाही. पुढच्या फोनवर "जेवलीस का?" झालं, की एवढं विचारा.

पहिलं, पगार कुठून येतो? संस्थेच्या खात्यातून, की साहेबांच्या अनुदानातून? आपल्या सरकारी संशोधन संस्थांत सायंटिस्टची नेमणूक झाली की ती बहुधा निवृत्तीपर्यंतची असते. तिकडे तसं धरून चालू नये. अनुदान संपलं की जागाही संपू शकते.

दुसरं, करार किती वर्षांचा, आणि तो संपण्याच्या किती आधी कळवणार? बाळंतपणाची रजा आणि निवृत्तिवेतन त्यात लिहिलेलं आहे का?

तिसरं, निबंधावर नाव येणार हे काम सुरू व्हायच्या आधी ठरलंय का? काम झाल्यावर हा विषय काढणं जड जातं. दुसऱ्याच्या कामात मदत करताना एखादा छोटासा प्रश्न तिचा स्वतःचा आहे का, ज्यावर तिचं नाव पहिलं येईल, हेही विचारा.

चौथं, ती वही ठेवते का? केलेल्या कामाची, तारखांसकट. नोटीस येण्याआधीपासून.

कुणी म्हणेल, आता संगणकच प्रथिनांचे आकार सांगतो, मग तुमच्या मुलीचं काम काय उरलं? अर्धं खरं आहे. २०२० सालापासून संगणक हे आकार फार चांगले ओळखू लागला, आणि २०२४ चं रसायनशास्त्राचं नोबेल प्रथिनांवरच्या अशाच कामाला मिळालं. पण संगणक शिकला कशावर? जगभरच्या प्रयोगशाळांनी एकेक करून जमा केलेल्या आकारांवर. ते कोठार १९७१ साली अमेरिकेत ब्रूकहेवन इथे सुरू झालं तेव्हा त्यात अवघे सात आकार होते, आज दोन लाखांहून जास्त आहेत. आणि संगणकानं वर्तवलेला आकार खरा का, औषध त्यात खरोखर बसतं का, हे बघायला अजूनही शीतघरात शाल पांघरून उभं राहावंच लागतं.

मुलीच्या बाबांना मात्र एक गोष्ट जरूर सांगा. वेंकटरामन रामकृष्णन, ज्यांना २००९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, त्यांनी विद्यापीठांकडे कितीतरी अर्ज केले होते आणि जागा मिळाली नव्हती. १९८३ ते १९९५ अशी बारा वर्षं त्यांनी त्याच ब्रूकहेवनला स्टाफ सायंटिस्ट म्हणून काम केलं. ही गोष्ट बाबांची समजूत पटावी एवढ्यापुरतीच. नोबेल मिळालं तरच ती नोकरी मानाची, असा त्याचा अर्थ करू नका. ज्यांना मिळत नाही त्यांचं कामही तेवढंच चोख असावं लागतं.

आणि जावा-नणंदांना? त्यांना "मदतनीस आहे" म्हणू नका, "लवकरच प्रोफेसर होणार आहे" असंही सांगू नका. एवढंच सांगा : "शरीरातल्या प्रथिनांचे आकार शोधते ती. औषध कुठे बसेल ते त्यावरून ठरतं." त्यांनी पुढे विचारलं, तर सोऱ्याची चकती दाखवा.

भाचीनं नव्या करारावर सही केली त्या रात्री मला फोन केला होता. मी म्हटलं, पेढे वाटते. ती म्हणाली, "वाट, पण पाच वर्षांचेच वाट." आणि मग विचारलं, "तुझ्या फ्रीझरमधल्या डब्यांवर तारीख घालतेस ना?"

घालते. तुम्हीही घाला. पापडांविषयी पुढच्या आठवड्यात नक्की.